चार दिवसांचा हिशेब

पुण्यात रस्ता जरूर विचारावा, पण हातात वेळ असेल तरच. परवा अप्पा बळवंत चौकात एका पाहुण्यानं मला शनिवारवाडा कुठे म्हणून विचारलं. बिचारा घाईत होता. त्याला मी सांगितलं की, वाड्याचं काम १७३० साली सुरू झालं, वाडा १८२८ च्या फेब्रुवारीत आगीत जळाला, आता तिथे तटबंदी आणि जोती तेवढी शिल्लक आहेत, तेव्हा इतकी धावपळ करण्याचं काही कारण नाही. तो नमस्कार करून निघाला. पन्नास पावलं गेल्यावर त्यानं एका पानवाल्याला पुन्हा तोच प्रश्न विचारलेला मी पाहिला. सगळं सांगण्याच्या नादात वाड्याची दिशा सांगायची माझ्याकडून राहून गेली होती.

माहिती देणं हा आमच्या गावचा जुना आजार आहे आणि मी त्यातला मुरलेला रोगी. शाळेत असल्यापासून माझी एक वही आहे. वाचलेलं, ऐकलेलं, कुठे सापडलेलं असं जे जे इतरांना ठाऊक नसेल ते ते त्या वहीत जातं. आता अशा अकरा वह्या झाल्यात. पेशवा हा शब्द मुळात फारसी. 'वगैरे' अरबी. बटाटा, पाव, साबण, चावी, घमेलं, बिजागरी ही मंडळी पोर्तुगालहून आलेली. पगारही पोर्तुगीजच, म्हणून तर तो परक्यासारखा येतो आणि परक्यासारखाच निघून जातो. दादासाहेब फाळक्यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'त तारामती झाले होते अण्णा साळुंके नावाचे गृहस्थ आणि पुढे १९१७ च्या 'लंकादहना'त राम आणि सीता दोघंही तेच. म्हणजे पळवून नेली ती सीता आणि तिच्यासाठी रानोमाळ विलाप करतो तो राम, दोघांचे कपडे एकाच मापाचे!

तुम्ही म्हणाल, या माहितीचा उपयोग काय? हाच प्रश्न आमच्या घरात गेली चाळीस वर्षं विचारला जातोय. तो विचारणाऱ्या व्यक्तीच्या हातात बहुधा झारा असतो.

एका आषाढी एकादशीला मी खिचडीची बशी पुढ्यात घेऊन सहज म्हणालो, "अगं, ज्या कंदापासून हा साबुदाणा करतात तो अमेरिका खंडातला. शेंगदाणा तिकडचा, मिरची तिकडची आणि हा बटाटाही तिकडचाच. कोलंबस तिकडे पोचण्याआधी यातलं काहीच इथे नव्हतं. ज्ञानेश्वरी झाली १२९० साली. आज आपण विठोबाच्या नावानं जे खातो, ते ज्ञानोबांना दाखवलं असतं तर त्यांनी 'हे काय?' म्हणून विचारलं असतं."

सौभाग्यवती काहीच बोलल्या नाहीत. पुढच्या एकादशीला माझ्या ताटात नुसती शिजवलेली वरी, वाटीभर ताक आणि चिमूटभर मिरपूड आली. "ज्ञानोबांच्या वेळचं आहे सगळं. जेवा!" तेव्हापासून एकादशीच्या दिवशी मी इतिहासाविषयी मौन पाळतो.

तरीही मनातून माझी एक ठाम समजूत होती. जे खरं ते खरं. ते कोणाला आवडो न आवडो, बोलून मोकळं व्हावं. खोट्याला खोटं म्हणायला मुहूर्त कशाला पाहायचा? ही समजूत गेल्या वर्षीच्या संक्रांतीपर्यंत शाबूत होती. मग अण्णामामांचं प्रकरण झालं.

आमचे अण्णामामा चौऱ्याऐंशी वर्षांचे. राहायला सदाशिव पेठेत. पूर्वी वाड्यात राहत, आता वाडा पाडून बांधलेल्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. मामांच्या घराण्याची एक मिरास आहे, ती म्हणजे पानिपत. त्यांचा कोणी पूर्वज भाऊसाहेबांच्या लष्करात कारकून होता आणि तो पानिपतावरून परत आला नाही. याला कागदाचा आधार नाही, पण घरात बापानं मुलाला सांगत ही गोष्ट आजवर आली आहे. मामा ती सांगायला लागले की आवाज खाली येतो. दोन अडीच शतकांपूर्वी गेलेला माणूस काल रात्रीच गेल्यासारखं वाटतं. "ऐन संक्रांतीच्या दिवशी!" इथे ते थांबतात आणि खिडकीबाहेर बघतात. भाऊसाहेबांच्या नावाच्या पेठेत बसून ही गोष्ट ऐकताना माझ्याही अंगावर काटा येई.

आणि म्हणून त्या घरात संक्रांत नाही. तिळगूळ नाही, गुळाची पोळी नाही, सुगडं नाहीत, हळदीकुंकू नाही. नव्या सुनेला आणि लहान मुलांना हलव्याचे दागिने नाहीत. लहानपणी आम्ही भाचरं त्या दिवशी त्यांच्याकडे फिरकत नसू, कारण तिथे काही मिळायचं नाही. पण मनात एक आदर असायचा. आमच्या घरांत तीळ होते, मामांच्या घरात इतिहास होता.

आता माझं दुर्दैव पाहा. काही वर्षांपूर्वी मी वहीत एक नोंद केली होती : 'स्वामी विवेकानंद, जन्म १२ जानेवारी १८६३, त्या दिवशी मकरसंक्रांत.' एका रात्री वही चाळताना मी त्या ओळीवर अडखळलो. बारा जानेवारीला संक्रांत? आपल्याला तर ती चौदाची माहीत. म्हणजे ही बाई हलते की काय?

हलते. हळूहळू, पण हलते. आपलं सौरवर्ष आणि इंग्रजी कॅलेंडरचं वर्ष यांत दरवर्षी वीसेक मिनिटांचा फरक पडतो. सुमारे सत्तर वर्षांत या मिनिटांचा एक दिवस होतो आणि संक्रांत एक दिवस पुढे सरकते. म्हणून तर हल्ली ती मधूनमधून पंधरालाही येऊ लागली आहे. मी कागद घेतला आणि उलटा चालत गेलो. विवेकानंदांपासून मागे १७६१ पर्यंत, मध्ये १८०० साल लीप नव्हतं त्याचा हिशेब धरून. दोनदा केलं, तीनदा केलं. उत्तर एकच : १७६१ साली संक्रांत आली होती नऊ-दहा जानेवारीच्या सुमाराला. पानिपतची लढाई झाली बुधवारी, चौदा जानेवारीला.

पानिपत संक्रांतीच्या दिवशी झालंच नाही. संक्रांत होऊन चार दिवस उलटले होते.

"अमुकावर संक्रांत आली" हा वाक्प्रचार पानिपतामुळे पडला, असं मी स्वतः निदान पन्नास लोकांना सांगितलं असेन. वास्तविक पंचांगात संक्रांतीचं वर्णन असतं. ती कशावर बसून आली, काय नेसली, काय खाते आहे. आणि ती ज्याला शिवते ते महाग होतं किंवा नाश पावतं, अशी समजूत. तिची दहशत समजायला इथलं साधं पंचांग पुरेसं होतं, पानिपतापर्यंत जायला नको होतं. हे मला सुचलं नाही, कारण पानिपतची गोष्ट ऐकायला जास्त बरी वाटत होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. असा शोध लागला की तो कोणाला तरी सांगितल्याशिवाय पोटात राहत नाही. आणि पानिपतविषयीची बातमी अण्णामामांच्या आधी दुसऱ्या कोणाला सांगणं हे मला शिष्टाचाराला धरून वाटेना. संक्रांतीच्या आदल्या रविवारी मी वही काखोटीला मारून त्यांच्या घरी गेलो.

मामी चहा करत होत्या. मी मामांसमोर कागद पसरला आणि विवेकानंदांपासून भाऊसाहेबांपर्यंत सगळा प्रवास घडवला. मामा सबंध नोकरी लेखापरीक्षणात केलेले. त्यांनी बोट ठेवून एकेक आकडा तपासला. चूक निघाली नाही. मग त्यांनी चष्मा काढला.

"म्हणजे आमचा माणूस पानिपतावर नव्हताच म्हणायचं!"

"तसं नाही मामा, असतील की ते. फक्त संक्रांत नव्हती."

"माझे आजोबा खोटं बोलत होते?"

"खोटं नव्हे हो..."

"मग काय?"

याचं उत्तर माझ्या अकरा वह्यांपैकी एकीतही नव्हतं. मामा उठले, काठी घेतली आणि आतल्या खोलीत जाऊन पडले. चहा तीन कप झाला होता. आम्ही दोघांनीच घेतला. मामी एक अक्षर बोलल्या नाहीत.

घरी जाताना मी उगाच लकडी पुलापर्यंत चालत गेलो आणि कठड्याला टेकून उभा राहिलो. मी काय मिळवलं? पानिपतावर कोणाचा जीव वाचला? भाऊसाहेब परत आले? एका म्हाताऱ्या माणसानं जन्मभर जपलेलं दुःख मी चार दिवसांनी चुकीचं ठरवलं, एवढंच. रामशास्त्र्यांनी राघोबादादांना तोंडावर दोषी ठरवलं, हे आपण मोठ्या कौतुकानं सांगतो. पण रामशास्त्र्यांसमोर सत्ता होती. माझ्यासमोर रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे मामा होते.

आणि खोटं काय एकट्या मामांच्या घरात आहे? मी उभा होतो त्या पुलाला लकडी पूल म्हणतात. पानिपतच्या साली लाकडाचा बांधला होता म्हणून हे नाव. आज त्यात लाकडाची ढलपी नाही आणि सरकारदरबारी त्याचं नाव संभाजी पूल आहे. पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा! गणेश पेठेतला डुल्या मारुती पानिपतच्या वेळी डुलला होता असं सांगतात. डुलला असेल, नसेल. त्याच्यापुढे डुलणाऱ्या भाविकाला मी भूकंपशास्त्र शिकवू? प्रभातचा 'संत तुकाराम' निघाला १९३६ साली, इथेच पुण्यात. त्यात बीज आणि झाडाचा दृष्टान्त देणारं एक गाणं आहे. ते शांताराम आठवल्यांनी लिहिलं, पण भले भले लोक ते तुकोबांचाच अभंग समजून म्हणत आले. पहाटे कोणी डोळे मिटून ते म्हणत असेल, तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून "हे सिनेमातलं बरं का" म्हणणारा माणूस ज्ञानी की हलकट?

पुलावरच माझा निश्चय झाला. खरं बोलणं हा गुण आहे, पण ते प्रत्येक वेळी बोललंच पाहिजे असं कुठे लिहून ठेवलेलं नाही. दुसऱ्या दिवशी जायचं, हिशेबात चूक निघाली म्हणून सांगायचं आणि मामांचं पानिपत मामांना परत करायचं. एक खोटं बोलावं लागेल, पण ते दयेचं असेल.

सकाळी दार मामींनी उघडलं. मामा फिरायला गेले होते. मी चपला काढतोय तोच त्यांनी हळू आवाजात विचारलं, "काल सांगितलंस ते खरं का रे? चार दिवस?"

मी पाठ करून आलेलं वाक्य सुरू केलं. "अहो मामी, मी काल रात्री पुन्हा बसलो, तर मला वाटतं..."

"थांब," मामी म्हणाल्या. त्या आत गेल्या. ट्रंकेचं झाकण उघडल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात घडी घातलेली काळी साडी होती. चंद्रकळा. घडीच्या रेषेवर पांढुरकी पडलेली, डांबराच्या गोळ्यांचा वास येणारी.

"माझ्या आईनं पाठवली होती. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला. बरोबर हलव्याचे दागिने होते. सासूबाईंनी दागिने परत पाठवले, साडी ठेवून घेतली. म्हणाल्या, आपल्यात चालत नाही. मी बावीस वर्षांची होते. अठ्ठावन्न वर्षं झाली. दर वर्षी या पेठेतल्या सगळ्या बायका एकमेकींकडे जातात. मला कोणी बोलावत नाही, कारण मी कोणाला बोलावू शकत नाही. पुढे नात झाली. तिचंही बोरन्हाण नाही." मग साडीवरून हात फिरवत म्हणाल्या, "तुझ्या मामांना पानिपत राहू दे. मला ते चार दिवस दे."

वाचकहो, मी दयेचं खोटं बोलायला गेलेला माणूस. दया नेमकी कोणावर करायची, हे मी ठरवलं होतं खरं, पण घरात दोन माणसं आहेत हे मी विसरलो होतो. इतकी वर्षं ती गोष्ट ऐकली, पण प्रत्येक वेळी माझं तोंड खिडकीशी बसलेल्या मामांकडे. स्वयंपाकघराच्या दाराशी कोण उभं आहे ते मी पाहिलंच नव्हतं. मामांना त्या गोष्टीतून मान मिळत होता. त्या मानाची किंमत ट्रंकेत घडी घालून ठेवलेली होती.

तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा 'ध चा मा' नीट शिरला. १७७३ च्या ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात अठरा वर्षांच्या नारायणरावांचा खून झाला. 'धरावे' असा हुकूम होता, आनंदीबाईंनी त्याचं 'मारावे' केलं, हे सबंध महाराष्ट्राला ठाऊक. मीही ते किती पाहुण्यांना रंगवून सांगितलंय! तो फिरवलेला कागद मात्र आज कुठल्या दप्तरातून काढून दाखवता येत नाही. तलवारी चालवल्या गारद्यांनी, गादी मिळाली राघोबादादांना आणि म्हण झाली बाईंच्या नावानं. अडीचशे वर्षं झाली. कोणी अक्षराची खोडी केली की आपण आनंदीबाईंना पुन्हा एकदा चौकात उभं करतो आणि हसतो. ती गोष्ट आपल्याला फुकट मिळाली आहे असं आपण समजतो. तिचे पैसे दुसरं कोणीतरी भरत असतं.

लकडी पुलाला लाकडी म्हटल्यानं कोणाचं काही जात नाही. म्हणा खुशाल. मारुती डुलला म्हटल्यानं कोणाच्या ताटातला घास कमी होत नाही. पण गोष्ट निरुपद्रवी आहे की नाही, हे ती सांगणाऱ्याला कधी विचारू नये. तिचं बिल कोणाकडे जातं, ते बघावं. बिल कोणाकडेच जात नसेल तर वही मिटावी आणि खिचडी खावी. जात असेल तर वही उघडावी. माझ्या साऱ्या नीतिशास्त्राचा हा एवढाच गाभा. आणि तो मला एका ट्रंकेतून मिळाला, हेही प्रामाणिकपणे सांगतो. आदल्या दिवशी मी खरं बोललो ते मामींसाठी नव्हे, मिरवायला बोललो होतो. खरं असून ते हलकंच निघालं.

"हिशेब बरोबर आहे मामी," मी म्हणालो. "चार दिवसांचा फरक आहे."

तेवढ्यात मामा आले. त्यांनी साडी पाहिली, मामींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं, आता तिसरं महायुद्ध. मामा खुर्चीत बसले, काठी बाजूला ठेवली आणि खास सदाशिव पेठी आवाजात म्हणाले, "काय रे, एवढ्या वह्या भरल्यास. लढाईची तिथी कोणती?"

"पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२."

"मग? आपल्यात मेलेल्या माणसाचा दिवस तिथीनं धरतात की इंग्रजी तारखेनं? चौदा जानेवारी चौदा जानेवारी काय लावलंयस कालपासून? ती साहेबाची तारीख! आमच्या माणसाचा दिवस पौष शुद्ध अष्टमी. त्या दिवशी आम्ही गोडधोड करणार नाही. संक्रांतीचा आणि आमचा काय संबंध? एवढं साधं तुला कळत नाही आणि लोकांना शिकवायला येतोस!"

मी मान खाली घालून चूक कबूल केली. अडीच शतकांचा पेच मामांनी रात्रभर पडून सोडवला होता आणि वर माझीच चूक काढली होती. पूर्वजही राहिला, पानिपतही राहिलं, आजोबाही खोटे ठरले नाहीत. तिथे फक्त मी मूर्ख ठरलो आणि तेवढं माझ्याकडून त्या घराला देणं लागतच होतं.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत करता येतं. त्या आधीच्या शुक्रवारी मामींकडे ते झालं. अठ्ठावन्न वर्षांत पहिल्यांदा. जिना चढून पेठेतल्या चाळीसेक बायका आल्या. काही जणी तर केवळ या घरात संक्रांत आहे तरी कशी, हे बघायला आलेल्या. मामींनी चंद्रकळा नेसली होती. घडीवर थोडी विरली होती, तिथे त्यांनी पदर आणला होता. वाण म्हणून प्रत्येकीला त्यांनी एकेक चिमुकली वही दिली. "भाच्यामुळे सुचलं," म्हणाल्या. त्यात टोमणा होता की आशीर्वाद, याचा मी अजून विचार करतोय.

मी दाराशी चपलांच्या राशीवर देखरेख करत उभा होतो. मामा आले आणि माझ्या तळहातावर हलवा आणि तिळगुळाची वडी ठेवली. हलवा हा शब्द अरबी. इंग्रजांचं 'कँडी' आपल्या संस्कृत 'खंड'पासून फिरत फिरत तिकडे गेलेलं. दोन्ही माझ्या जिभेवर आलं होतं.

"गोड बोल," मामा म्हणाले.

मी वडी तोंडात टाकली. ती चांगलीच कडक झाली होती. पाच मिनिटं मला बोलताच आलं नाही.